चूक कुठे होते ते आधी शोधा: डॉक्टरांच्या वाचनाची शाखावार मांडणी

माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात प्लास्टिकचं वेष्टनही न फाडलेल्या जर्नलांची एक चळत कित्येक वर्षं होती. दर महिन्याला एक अंक वर चढायचा, आणि तिकडे नजर गेली की गृहपाठ न करता वर्गात बसलेल्या मुलासारखं वाटायचं. मग एक हिशेब वाचनात आला. २००४ साली काही संशोधकांनी मोजलं की प्राथमिक आरोग्यसेवेच्या उपयोगाच्या ३४१ जर्नलांत मिळून महिन्याला ७,२८७ लेख येतात, आणि ते नीट पारखायला ६२७.५ तास लागतील. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७२०. म्हणजे झोप, जेवण, आंघोळ आणि रुग्ण हे सगळं साडेब्याण्णव तासांत उरकायचं. बरं, हा आकडा जुना. लेखांचा पूर तेव्हापासून वाढलाच आहे.

त्या दिवशी ‘सगळं वाचायचं’ हा नाद सुटला. पण मग वाचायचं काय? निरनिराळ्या शाखांतल्या सहकाऱ्यांना विचारत गेलो, तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघाली. रेडिओलॉजीतले एक ज्येष्ठ लेखाचा मजकूर जवळपास वाचतच नाहीत, फक्त चित्रं आणि त्यांखालच्या ओळी पाहतात. भूलतज्ज्ञ मैत्रीण दुसऱ्यांकडे झालेल्या अपघातांचे अहवाल वाचते. सर्जन व्हिडिओ पाहतो, तोही थांबवून थांबवून. सुरुवातीला मला हे आळशीपणाचे प्रकार वाटले. नंतर कळलं की ज्याच्या कामात चूक जिथे होते, तिथे तो वाचतोय. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिले दोन आठवडे: फक्त प्रश्न लिहा

या दोन आठवड्यांत नवं काही वाचू नका. खिशात मावेल अशी वही ठेवा. मोबाइलही चालेल, पण मोबाइल उघडला की निरोप दिसतात आणि प्रश्न विसरतो, हा स्वानुभव. रुग्ण उठून गेला की मनात अडकलेला प्रश्न एका ओळीत उतरवायचा. ‘किडनीच्या विकारात मधुमेहाची औषधं’ हा झाला परीक्षेच्या पेपरातला प्रश्न, तो नको. ‘वय ६२, ईजीएफआर ३८, मेटफॉर्मिन २ ग्रॅम चालू, निम्मं करू की बंद?’ असा हवा. (ईजीएफआर म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी.)

लिहून ठेवण्याचं कारण साधं आहे. १९९९ साली बीएमजे या ब्रिटिश जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात १०३ फॅमिली डॉक्टरांना काम करताना पडलेले १,१०१ प्रश्न नोंदवले होते. त्यांतल्या ६४ टक्के प्रश्नांचं उत्तर शोधायला त्या वेळी कोणी गेलंच नाही. जे गेले त्यांना ८० टक्के वेळा उत्तर मिळालं, आणि एका प्रश्नामागे सरासरी दोन मिनिटंही लागली नाहीत. म्हणजे अडचण उत्तर सापडण्याची कमी आणि प्रश्न हवेत विरून जाण्याची जास्त.

माझ्या पहिल्या वहीतले निम्म्याहून अधिक प्रश्न डोसचे आणि औषधांच्या आपसातल्या भांडणांचे निघाले. मी मात्र त्या काळात हृदयविकाराच्या मोठमोठ्या ट्रायल (रुग्णांवर उपचार ताडून पाहणारे अभ्यास) वाचत होतो आणि स्वतःला अद्ययावत समजत होतो.

मग प्रश्नांचे ढीग करा

एक ढीग माहितीचा: डोस, व्याख्या, तपासणीची वेळ, औषध कशाबरोबर चालत नाही. यासाठी जर्नल उघडायचंच नाही. अपटुडेट, डायनामेड यांसारखे सतत सुधारले जाणारे संदर्भ किंवा औषधांची अधिकृत सूची पुरते. वरचा मेटफॉर्मिनचा प्रश्न इथे दोन मिनिटांत मिटतो: ईजीएफआर ३० च्या खाली गेला की बंद, ३० ते ४५ च्या दरम्यान फायदा-तोटा तोलून बहुधा निम्मा डोस, आणि या टप्प्यात नव्याने सुरू करायचं नाही. एकच पथ्य पाळा, पानावरची ‘शेवटची सुधारणा’ ही तारीख पाहिल्याशिवाय डोस उचलू नका.

दुसरा ढीग निर्णयाचा: हे करू की ते? इथे प्रश्नाचे चार तुकडे पाडावे लागतात. रुग्ण कोण, काय करायचं, कशाच्या तुलनेत, आणि कोणत्या परिणामासाठी. पीजीच्या काळात सगळ्यांनी घोकलेला हा ‘पिको’ (या चार तुकड्यांची इंग्रजी आद्याक्षरं) परीक्षेनंतर विसरला जातो. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत शोधायला बसलं की त्याची किंमत कळते. शोधायचा क्रम असा: आधी गाइडलाइन (तज्ज्ञ संस्थांच्या उपचाराच्या शिफारशी), मग कॉक्रेन या संस्थेचा आढावा, ज्यात एका प्रश्नावरच्या सगळ्या ट्रायल एकत्र पारखलेल्या असतात, आणि दोन्हीकडे हात हलवत परतावं लागलं तरच मूळ ट्रायल. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि दमतात.

तिसरा ढीग छोटा असतो. त्यांची उत्तरं छापलेली नसतात. ती वीस वर्षं तेच काम केलेल्या माणसाला चहा पिताना विचारायची.

शाखा बदलली की वाचन बदलतं

*जनरल प्रॅक्टिस.* इथली चूक विस्तारामुळे होते. सगळ्या अवयवांचं थोडं थोडं बदलत असतं आणि नेमकं कुठलं बदललं ते कळत नाही. मूळ जर्नलं वाचण्यात अर्थ नाही, हे मी ठामपणे म्हणतो. दुसऱ्याने गाळून, पारखून दिलेले सारांश वाचा. गाळणी निवडताना एक पाहा: सारांशात रुग्णाला जाणवणारा परिणाम आहे का? जगणं, दुखणं, चालणं, दवाखान्यात भरती होणं. फक्त रक्तातला आकडा खाली आला एवढंच सांगणारे सारांश सोडून द्या.

*मेडिसिन, हृदयरोग, मधुमेह, छाती.* इथे गाइडलाइनचं वेळापत्रक असतं, ते दिनदर्शिकेत टाकून मोकळं व्हायचं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची मानकं दर वर्षी जानेवारीच्या पुरवणीत येतात. दम्यासाठी गिना आणि सीओपीडीसाठी (फुप्फुसांच्या जुनाट अडथळ्याच्या आजारासाठी) गोल्ड यांचे अहवाल दरवर्षी सुधारतात. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या नव्या गाइडलाइन ऑगस्टअखेरच्या अधिवेशनाच्या सुमारास. शंभर पानं वाचायची नसतात. ‘नवीन काय’ हा तक्ता आधी काढा, मग त्यातल्या आपल्या कामाच्या ओळी. आणि शिफारशीशेजारचं पुराव्याच्या दर्जाचं अक्षर कधीही चुकवू नका. ‘वर्ग एक, दर्जा सी’ याचा अर्थ सगळे ठामपणे म्हणताहेत, पण पाठीशी ट्रायल नाही. अशा ओळी पुढच्या आवृत्तीत पलटल्या तर आश्चर्य वाटायला नको.

*आयसीयू.* इथे मी सारांशाच्या विरोधात आहे, कारण घोळ तपशिलात होतो. २००० सालची एआरडीएसची (फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या आजाराची) ट्रायल सगळ्यांना तोंडपाठ आहे: ८६१ रुग्ण, व्हेंटिलेटरने किलोमागे १२ ऐवजी ६ मिली श्वास, मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर. पण किलो कुठला? काट्यावरचा नाही, तर उंची आणि लिंगावरून काढलेला. त्याचं सूत्र मेथड्समध्ये, म्हणजे पद्धतीच्या भागात, आहे. फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (पेपरचा गोषवारा) घाईत वाचणारा लठ्ठ रुग्णाला सहज दीडपट हवा देऊन बसतो आणि तरीही आपण ट्रायलप्रमाणेच चाललोय असं समजतो.

*सर्जरी.* सर्जनच्या चुकीचा बराच भाग हातात आणि डोळ्यात असतो. पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिका कापली जाते, ती बहुधा सर्जनला तीच सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची, कापायची नळी) वाटते म्हणून. यावर १९९५ मध्ये ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’ची मांडणी झाली. तीन अटी: यकृत आणि पित्तनलिकांमधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, फक्त दोनच, गोष्टी दिसतायत. वाचायला एक मिनिट लागतं. पण वाचून येत नाही. व्हिडिओ लावा, क्लिप लावण्याच्या क्षणाच्या आधी थांबवा, आणि तिन्ही अटी पुऱ्या झाल्या आहेत का ते मोठ्याने बोला. मग पुढे जा. दुसऱ्यांचे दहा झाले की स्वतःचे रेकॉर्डिंग असेच पाहा. माझा सर्जन मित्र म्हणतो की पहिल्यांदा स्वतःचा व्हिडिओ असा थांबवला तेव्हा तिसरी अट आपण गृहीत धरत होतो हे लक्षात आलं.

सर्जनने पेपर वाचावेत ते ‘कसं’पेक्षा ‘करायचं का’ यासाठी. ऑर्थोपेडिक्समध्ये २००२ साली गुडघ्याच्या झिजेवरच्या आर्थ्रोस्कोपीची (दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेची) तुलना चक्क खोट्या शस्त्रक्रियेशी झाली होती, कातडीवर छेद तेवढे खरे. १८० रुग्ण, आणि दुखण्यात वा हालचालीत फरक नाही. असे पेपर गोड लागत नाहीत, म्हणून मुद्दाम शोधून वाचावे लागतात.

*भूलशास्त्र.* संकट दुर्मीळ, पण आलं की मिनिटांचा खेळ. त्यामुळे वाचन म्हणजे तालीम. मॅलिग्नंट हायपरथर्मियात (भुलीच्या औषधाने शरीराचं तापमान झपाट्याने चढतं त्यात) डॅन्ट्रोलिन २.५ मिलिग्रॅम प्रति किलोने सुरू, हे वाक्य माहीत असणं एक, आणि कुपी कुठे ठेवली आहे, विरघळवायला किती हात लागतील हे माहीत असणं दुसरं. दर महिन्याला एक संकट निवडा, त्याची एकपानी यादी वाचा आणि थिएटरमध्ये जाऊन वस्तू हाताने शोधा. शिवाय अपघातांचे मोठे लेखाजोखे वाचा. ब्रिटनमधल्या श्वासमार्गाच्या अपघातांचा २०११ चा अहवाल, एनएपी-४, मी माझी शाखा नसूनही वाचला. आयसीयूतल्या ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंत कॅप्नोग्राफी (श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची वक्ररेषा दाखवणारी तपासणी) न वापरणं हा घटक होता, हे एकदा वाचल्यावर त्या वक्ररेषेकडे पाहण्याची नजरच बदलते.

*रेडिओलॉजी.* इथे चूक पाहण्यात होते. एक गोष्ट सापडली की शोध थांबतो आणि दुसरी निसटते. म्हणून रोजचं वाचन म्हणजे केसेस: रेडिओग्राफिक्समधले सचित्र लेख, रेडिओपीडियावरची प्रकरणं. उत्तर झाकून आधी स्वतःचा रिपोर्ट एका ओळीत लिहायचा. नुसतं पाहत गेलं तर सगळंच ओळखीचं वाटतं, तो भ्रम असतो. याहून मोलाचं वाचन मात्र कुठल्याही जर्नलमध्ये नाही: आपण रिपोर्ट केलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं? आठवड्याला पाच क्रमांक लिहून ठेवा, महिन्याने बायोप्सीचा किंवा शस्त्रक्रियेचा निकाल काढा. मोजमापाचे नियम तेवढे पाठ हवेत, आवृत्तीसकट. उदाहरणार्थ फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७ च्या नियमांनुसार कमी जोखमीच्या माणसात फुप्फुसातल्या ६ मिलिमीटरपेक्षा लहान एकट्या घन गाठीला नेहमीच्या फॉलोअपची गरज नाही. जुनी आवृत्ती डोक्यात राहिली तर कोणाला तरी उगाच सीटीच्या फेऱ्या पडतात.

*पॅथॉलॉजी.* नाव बदललं की उपचार बदलतो, असं इतक्या थेटपणे क्वचितच कुठे घडत असेल. २०१६ मध्ये थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरच्या एका आवरणयुक्त, आत न घुसणाऱ्या प्रकाराचं नाव बदलून एनआयएफटीपी केलं. नावातून ‘कॅन्सर’ शब्द गेला. स्लाइड तीच, पेशी त्याच. पण जुन्या नावाने रिपोर्ट गेला तर उरलेलं थायरॉइड काढण्याची आणि रेडिओआयोडीनची चर्चा सुरू होऊ शकते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेची निळी पुस्तकं हे पॅथॉलॉजिस्टचं मुख्य वाचन. आपल्या अवयवाची नवी आवृत्ती आली की मागचे काही रिपोर्ट काढून नव्या नियमांनी पुन्हा लिहून पाहायचे. मायक्रोबायोलॉजीचंही असंच, तिथे प्रतिजैविकांच्या मर्यादा (किती मात्रेला दबणारा जंतू ‘संवेदनशील’ म्हणायचा) दरवर्षी तपासायच्या असतात. २०१९ मध्ये सीएलएसआय या प्रयोगशाळांच्या मानकसंस्थेने आतड्यातल्या जंतूंसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची मर्यादा खाली आणली, आणि काल ‘संवेदनशील’ असलेले काही जंतू आज तसे राहिले नाहीत.

*स्त्रीरोग व प्रसूती.* या शाखेला उशिराची मोठी किंमत मोजावी लागली आहे. मुदतपूर्व प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिल्याने बाळांची फुप्फुसं तरतात, हे दाखवणारी पहिली ट्रायल १९७२ ची. सगळ्यांनी द्यावं अशी अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेची शिफारस १९९४ ची. कॉक्रेनच्या बोधचिन्हातल्या त्या आडव्या रेघा याच उपचारावरच्या निरनिराळ्या ट्रायलच्या आहेत. म्हणून इथे ‘सुरू करायचं राहिलंय असं काय?’ हा प्रश्न वहीत कायम हवा. *बालरोगात* उलट प्रश्न विचारा, ‘थांबवायचं काय?’ ब्राँकिओलायटिसमध्ये (तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनळ्यांच्या संसर्गात) साल्ब्युटॅमॉल हे श्वासनळ्या मोकळं करणारं औषध देऊ नये असं अमेरिकन बालरोग अकादमीने २०१४ लाच सांगितलं. हात मात्र अजून नेब्युलायझरकडे जातो.

*कर्करोग.* गाइडलाइन वर्षातून अनेकदा बदलते, तेव्हा छापील प्रत ठेवूच नका. अधिवेशनातलं सादरीकरण हा निकाल नव्हे. आणि गाठ किती महिने वाढली नाही, यावरून माणूस किती महिने जगला हे गृहीत धरू नका. *मानसोपचारात* ट्रायल किती आठवड्यांची होती ते आधी पाहा. सहा आठवड्यांच्या ट्रायलवर सहा वर्षांचं औषध चालतं.

एक पेपर, पंधरा मिनिटं

मूळ पेपर वाचायची वेळ आलीच, तर अ‍ॅब्स्ट्रॅक्टचा निष्कर्ष हाताने झाका. आधी मेथड्स: रुग्ण कोण घेतले, कोण वगळले. मग पहिला तक्ता: हे लोक माझ्या ओपीडीतल्यांसारखे आहेत का? मग मुख्य परिणाम कोणता ठरवला होता, आणि ट्रायलच्या नोंदणीत तोच होता का. २००५ पासून प्रमुख जर्नलं नोंदणीशिवाय ट्रायल घेत नाहीत, त्यामुळे हे पाच मिनिटांत पडताळता येतं. मधेच परिणाम बदलला असेल तर तिथेच सावध व्हा.

आता आकडा. हृदयविकाराच्या झटक्यात अ‍ॅस्पिरिन तपासणारी आयसिस-२ ही १९८८ ची ट्रायल, १७,१८७ रुग्ण. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांमुळे झालेले मृत्यू प्लासिबोवर (औषधासारख्याच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीवर) ११.८ टक्के, अ‍ॅस्पिरिनवर ९.४. भागाकार केला तर धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी. वजाबाकी केली तर फरक २.४ टक्क्यांचा, म्हणजे साधारण ४२ जणांना औषध दिलं की एक मृत्यू टळतो. हे उत्तमच आहे. पण तोच २० टक्क्यांचा फायदा ज्याचा मूळ धोका १ टक्का आहे अशा माणसाला लावला, तर एकासाठी ५०० जणांना औषध द्यावं लागेल. औषध कंपनीचा माणूस भागाकार दाखवतो. वजाबाकी आपण करायची.

याच पेपरात एक गंमत आहे. उपगटांवर फार विसंबू नका हे दाखवायला संशोधकांनी रुग्णांची राशीवार विभागणी केली. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही! पुढच्या वेळी कोणी ‘साठीपुढच्या स्त्रियांत मात्र परिणाम विशेष दिसला’ असं सांगू लागलं, की मला तूळ आठवते.

दुसरा सापळा बदली परिणामाचा, म्हणजे माणूस जगला का हे न पाहता त्याच्या जागी तपासणीतला आकडा पाहण्याचा. झटक्यानंतर हृदयाचे जादा ठोके पडत असतील तर ते औषधाने दाबावेत, हे दिसायला शहाणपणाचं होतं. कास्ट या ट्रायलचा १९९१ चा पेपर काढा: एन्केनाइड वा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, प्लासिबोच्या ७४३ जणांत २६. आणि ट्रायलमध्ये घेतले होते ते औषधाने ठोके कमी झालेलेच रुग्ण. ईसीजी सुधारला होता, माणसं गेली. रेसिडेंटना (शिकाऊ डॉक्टरांना) वाचन शिकवायचं तर मी याच पेपरपासून सुरुवात करतो.

काय येऊ द्यायचं, काय अडवायचं

तीन नळ पुरतात. आपल्या शाखेच्या एका जर्नलची अनुक्रमणिका. एक सर्वसाधारण जर्नल, मग न्यू इंग्लंड, लॅन्सेट, जामा, बीएमजे यांपैकी कुठलंही. त्याची फक्त शीर्षकं. आणि पबमेडमध्ये जतन केलेला एक शोध, जो आठवड्यातून एकदा ईमेल धाडतो. हा शोध वहीतल्या प्रश्नांवरून बांधा, शाखेच्या नावावरून नाही. ‘हायपरटेन्शन’ एवढंच टाकलंत तर पहिल्याच आठवड्यात टपालपेटी बुडेल; माझी बुडाली होती. ‘क्लिनिकल क्वेरीज’ची गाळणी लावा आणि आठवड्याला दहापेक्षा जास्त लेख येत असतील तर शोध आणखी आवळा. न वाचलेले ईमेल महिनाअखेरीस एकगठ्ठा पुसायचे. महत्त्वाचं असेल ते गाइडलाइनमधून पुन्हा भेटतंच.

साठवलेल्या पेपरांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तो मागे घेतलेल्या पेपरांवर लाल इशारा देतो. ही चैन नाही. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा लॅन्सेटमधला १९९८ चा पेपर मागे घेतला गेला तो २०१० मध्ये. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा २०२० चा पेपर मात्र दोन आठवड्यांत. एआयकडून सारांश घेत असाल तर त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये टाकून बघा. अस्तित्वातच नसलेल्या पेपरांची नावं तो फार आत्मविश्वासाने देतो.

जर्नल क्लब, पण उलटा

विल्यम ऑस्लर या डॉक्टरने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात १८७५ साली जर्नल क्लब (एकत्र बसून पेपर वाचण्याची बैठक) सुरू केला त्यामागे एक रोकडा हिशेब होता: महागडी नियतकालिकं एकट्याला परवडत नव्हती. आज परवडत नाही तो वेळ, म्हणजे कारण फारसं बदललेलं नाही. पण नेहमीचा क्लब फसतो, कारण रेसिडेंट ताजा पेपर उचलतो, चाळीस स्लाइड करतो आणि बाकीचे मोबाइल पाहतात. उलटं करा. आधी रुग्ण, मग प्रश्न, मग पेपर. ज्याच्या वहीत प्रश्न आहे त्यानेच सांगायचं, स्लाइड नाहीत, पंचवीस मिनिटांत संपवायचं, आणि उठायच्या आधी एक ओळ लिहायची: सोमवारपासून काय बदलणार. ‘काही नाही’ हेही चालतं, फक्त कारण लिहायचं.

ती ओळ वहीच्या शेवटच्या रकान्यात जाते, तारखेसह. तीन महिन्यांनी रकाना उघडा आणि मागच्या दहा केसपेपरांशी ताडून पाहा. माझ्या वहीत एका गोळीचा डोस कमी करायचं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. दहापैकी सहा कागदांवर जुनाच डोस होता, आणि अक्षरही माझंच. त्या ओळीखाली मी नवी तारीख घातली आणि प्रिस्क्रिप्शनच्या पॅडला एक चिकटपट्टी लावली.